न लागणारं दार

"आधी पालथी घाल."

खुर्ची कितीही देखणी असो, तिच्याकडे समोरून बघायचं नाही हा मिस्त्रींचा नियम. उचलायची, पालथी घालायची आणि चष्मा कपाळावर सरकवून तिच्या पोटाशी नाक नेऊन बघायचं. कुणाकडे पाहुणे म्हणून गेलं तरी तेच. एकदा आम्ही दादरला एका पारशी बाईंचं टेबल बघायला गेलो होतो. बाईंनी मोठ्या अगत्याने खुर्ची पुढे केली आणि यांनी ती सरळ उलटी केली. बाई घाबरल्या. "खटमल है क्या?" "नहीं बाई, आदमी देखता हूँ," हे म्हणाले. म्हणजे ज्याने ती खुर्ची केली तो माणूस. सांधे बघून त्यांना तो दिसायचा. हा घाईत होता, हा डावरा होता, ह्याची पटाशी बोथट होती, असं ते सांगत आणि मी आपला मान डोलवत असे.

मी टीव्हीच्या मालिकांचे सेट लावतो. तुम्ही जेवताना ज्या दिवाणखान्यात सासू-सुनांची भांडणं बघता, तो शुक्रवारी उभा करून सोमवारी मोडणारा माणूस मी. जुन्या काळातली मालिका असली की मला शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या वस्तू लागतात, आणि त्याही परवाच लागतात. अशा वेळी मी शिवडी गाठायचो. तिथे गोदामांच्या रांगेत एका कोपऱ्यात मिस्त्रींचा कारखाना होता. सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत, मीही. खऱ्या जुन्या वस्तूवरून हुबेहूब तशीच वस्तू करून देणं हा त्यांचा धंदा. लांब हातांची आरामखुर्ची, संगमरवरी माथ्याचं टेबल, टोप्या टांगायचा स्टँड, बिलोरी आरशाचं कपाट. 'नक्कल' हा शब्द कारखान्यात चालत नसे. "ही पहिली, ही दुसरी," एवढंच म्हणायचं. दोन्ही शेजारी ठेवल्या की गिऱ्हाईक हमखास दुसरीला हात घालून "हीच खरी ना?" असं विचारायचं. त्या वेळी मिस्त्रींच्या चेहऱ्यावर जे हसू यायचं ते तुम्ही बघायला हवं होतं.

लाकूड जुनं दिसावं म्हणून लोक काय काय करतात ते तुम्ही ऐकलं असेल. चहाचं पाणी लावतात, चुना फासतात, किल्ल्यांच्या जुडग्याने ठोकतात. मिस्त्रीही ते करत, पण सगळ्यात शेवटी. आधी माणूस बसवायचे. एका खुर्चीसाठी त्यांनी मला दोन तास बसवून ठेवलं होतं. "पेपर वाच. मी आहे हे विसर." मी वाचत होतो आणि हे माझ्या कोपराभोवती खडूने रेघा मारत होते. "हात जिथे पडतो तिथेच झिजतं रे. भलतीकडे झिजवलं की लगेच कळतं." मग तेवढीच जागा गोणपाटाने घासायची, दोन-दोन दिवस. माझा पेपर वाचून झाला, शब्दकोडंही सोडवून झालं, तरी मला उठायची परवानगी नव्हती.

असा हा माणूस. आता पुढचं सांगतो. ते सांगायला मला जड जातं, पण सांगितल्याशिवाय राहवतही नाही.

डिलाईल रोडच्या चाळीत त्यांचा सगळा संसार झाला. दहा बाय बाराची खोली, बायको (मी त्यांना काकी म्हणायचो) आणि एक मुलगी. पुढे मुलगी लग्न होऊन वसईला गेली. चाळ पाडली. काही वर्षं संक्रमण शिबिरात गेली आणि मग त्याच जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये एकोणिसाव्या मजल्यावर घर मिळालं. मुलीने हौसेने सगळं नवं घेतलं. पांढरंशुभ्र किचन, सरकत्या दारांची कपाटं, सोफा. जुनं सामान चाळीबरोबरच गेलं. सुरुवातीला काकीही खूश होत्या, शेजाऱ्यांना बोलावून लिफ्ट दाखवायच्या. मग त्या विसरायला लागल्या. आधी गॅस विसरल्या, मग वार, मग जावयाचं नाव. आणि एके दिवशी कापडी पिशवी काखेत मारून दाराशी उभ्या राहिल्या.

"चला, घराक जावया."

"अगो, ह्याच आपला घर," मिस्त्री म्हणाले.

"ह्या लोकांचा घर. किती वेळ बसायचा लोकांकडे?"

काकी मालवणकडच्या. घरच्या माणसांशी मालवणी आणि बाहेरच्यांशी स्वच्छ, शाळेतल्या बाईंसारखं मराठी. गिरणगावात अशी पुष्कळ घरं आहेत, दारात पोस्टमन आला की घरातली भाषा बदलते. मी दहा वर्षं त्यांच्याकडे जात होतो तरी माझ्याशी त्या कधी मालवणीत बोलल्या नाहीत. नवऱ्याशी मात्र दुसरं काही नाही.

ते "घराक जावया" दिवसातून वीस वेळा सुरू झालं. दोनदा त्या खरंच निघून गेल्या. दुसऱ्या वेळी सापडल्या त्या करी रोडच्या पुलावर, अनवाणी, एका हवालदाराला आपल्या चाळीचं नाव सांगून रस्ता विचारत. आता पाडलेल्या चाळीचा रस्ता तो बिचारा काय सांगणार? त्या दिवशी मुलगी खूप रडली आणि म्हणाली, पनवेलजवळ एक संस्था आहे, अशा माणसांना चांगलं सांभाळतात. नवऱ्याला तिथे राहता येत नाही, भेटायला जाता येतं. दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर आईला तिकडे ठेवावंच लागेल. एक दिवस ती रस्त्यातच मरेल, बाबा. मुलीचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही.

मिस्त्रींनी हे मला कारखान्यात सांगितलं. हातात रंधा होता, पण तो चालत नव्हता. "पंचेचाळीस वर्षांत एक दिवस वेगळी राहिली नाही रे ती. बाळंतपणालासुद्धा माहेरी गेली नाही. तिकडे कशी राहील?" मी काहीतरी नेहमीचं बोललो, होईल सगळं ठीक वगैरे. आणि निघताना सहा खुर्च्यांची आठवण करून दिली. शूटिंग सोमवारी होतं. माझी अक्कल तेव्हा तेवढीच चालली.

शनिवार उजाडला तरी खुर्च्यांचा पत्ता नव्हता. फोन उचलत नव्हते. मी तणतणत शिवडीला गेलो. माझ्या खुर्च्यांचे पाय कोपऱ्यात मोळी बांधून पडले होते, आणि मधल्या जागेत मिस्त्री एका फडताळाला जाळी ठोकत होते. फडताळ म्हणजे आपल्या घरोघरी असायचं तेच, डबे, बरण्या आणि दूध ठेवायचं, जाळीच्या दारांचं. लाकूड होतं खोक्यांचं, त्यावर गोदीतल्या मालाची काळी अक्षरं अजून दिसत होती. सागवान आणि शिसवीशिवाय कशाला हात न लावणारा माणूस खोक्याच्या फळ्या जोडत बसला होता.

"हे काय आहे?"

"आमचं फडताळ. दुसरं."

"आणि माझ्या खुर्च्या?"

"तुझ्या खुर्च्यांवर नट बसणार," ते म्हणाले. "ह्यावर माझं सगळं बसलंय. ओरडायचं तर ओरड, पण तिकडे उभा राहून. उजेड अडवू नको."

मी उजेडातून बाजूला झालो. ओरडलो मात्र नाही. पहिलं फडताळ त्यांनी लग्नाच्या वर्षी केलं होतं, गोदीतून आणलेल्या खोक्यांचं, एका रविवारात. चाळीच्या खोलीत डोळ्यांत भरण्यासारखी वस्तू तेवढीच. काकींचा सगळा दिवस त्याच्यापुढे जायचा. "घर नाही म्हणते ना? मग घर करतो," मिस्त्री म्हणाले. माप कुठलं? फोटोसुद्धा नव्हता. मापं सगळी डोक्यात. कुठल्या फळीवर मिठाच्या बरणीचा डाग, कुठे दिव्याने काळं झालेलं, कुठल्या कोपऱ्यात मुलीने लहानपणी कंपासने रेघा ओढलेल्या, सगळं त्यांनी केलं होतं. मी इतकी वर्षं त्यांचं काम बघतोय, पण असं काम बघितलं नव्हतं.

माझ्याच टेम्पोतून आम्ही ते घरी नेलं. पांढऱ्या किचनशेजारी ते इतकं विजोड दिसत होतं की मुलगी तोंडावर हात ठेवून उभी राहिली. काकी आल्या. फडताळाभोवती फिरल्या. दार उघडलं, लावलं.

"छान आहे हो," काकी म्हणाल्या. "कुणाचं?"

आणि पिशवी घेऊन दाराशी गेल्या.

दिवाळीला तेव्हा तीन आठवडे राहिले होते. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम कारखान्यात गेलो, तर मिस्त्री स्टुलावर बसून हाताच्या तळव्यांकडे बघत होते. "चुकलो रे," ते म्हणाले. "जुन्या फडताळाचं दार लागायचंच नाही. पहिल्या दिवसापासून. एका रविवारात केलेलं काम ते. खालचा कोपरा घासायचा. रोज ओरडायची ती, जरा बघा म्हणून. रविवारी करतो, रविवारी करतो. लोकांच्या दिवाणखान्यांची दारं केली, घरचं एक दार केलं नाही. आणि आता करायला बसलो तर हाताने ते नीट केलं! मला कळलंसुद्धा नाही. टक करून लागतंय बघ. ती कशी ओळखेल?"

एवढं बोलून ते रडायला लागले. सत्तरी ओलांडलेला माणूस, एक दार चांगलं झालं म्हणून रडत होता. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून नुसता उभा राहिलो.

घरच्या फडताळाच्या मापाची एक चौकट कारखान्यात उभी केली आणि मग सुरू झालं ते वाईट दार करणं. तुम्हाला वाटेल त्यात काय अवघड आहे, कुणीही करेल. कुणीही करेल, पण मिस्त्रींना येईना. पहिलं दार वाकडं झालं, पण चुकीच्या जागी घासलं. दुसरं इतकं अडकलं की उघडेचना. तिसऱ्याच्या वेळी, डोळा चुकवून हाताने पुन्हा सांधा सरळ केला आणि मिस्त्रींनी स्वतःच्याच हातावर चापट मारली. काकी दार डाव्या हाताने किंचित वर उचलायच्या आणि उजव्या गुडघ्याने ढकलायच्या, मग खर्रकन आवाज होऊन लागायचं. तो गुडघा आणि तो आवाज नेमका मिळायला हवा होता. त्यासाठी माणूस हवा, आणि माणूस मी.

"वाक अजून. ती पाच फूटसुद्धा नाही."

मी सहा फुटांचा माणूस, गुडघे मुडपून, हातात चहाचा डबा धरून, फडताळाचं दार लावत होतो. लाव, उघड, लाव. शेजारच्या गोदामातले हमाल ओळीने उभे राहून बघत होते. "असा नको रे धक्का मारू. ती वैतागलेली असायची. वैतागून मार," मिस्त्री सांगत होते. चौथ्या दाराच्या वेळी माझी कंबर गेलेली, मी खरंच वैतागून गुडघा मारला आणि खर्र झालं. मिस्त्री पटकन उभे राहिले. "पुन्हा मार," ते म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता.

दिवाळीला आठ दिवस होते. आम्ही दार घरी नेऊन फडताळाला बसवलं, काकींना काही सांगितलं नाही. काकी आपल्या डबा ठेवायला गेल्या. दार लावलं, ते अडलं. त्यांनी डाव्या हाताने उचललं, गुडघ्याने ढकललं. खर्र.

त्या थांबल्या.

"कितीदा सांगलंय तुमका, ह्या दार एकदा बघा म्हणून."

"रविवारी करतंय," मिस्त्री म्हणाले आणि खिडकीकडे तोंड फिरवून उभे राहिले. मी बाथरूममध्ये गेलो आणि नळ सोडला. बाहेर आलो तेव्हा काकींनी पिशवी खुंटीला अडकवली होती आणि त्या तांदूळ निवडत होत्या.

"घराक जावया" थांबलं. मुलगी दोन दिवस राहून बघून गेली आणि तिने संस्थेला नको म्हणून कळवलं. मिस्त्रींनी मला कारखान्यात बोलावून चकल्या खायला घातल्या. इतका सुखी माणूस मी फार क्वचित बघितलाय. हे सगळं इथेच संपलं असतं तर किती बरं झालं असतं.

अकराव्या दिवशी भर दुपारी त्यांचा फोन आला.

"मला घराबाहेर काढलं रे."

झालं असं की ते फडताळासमोर उभे होते, हातात पटाशी होती, जाळीचा एक खिळा वर आला होता तो दाबत होते. काकी आल्या, पदर नीट केला आणि म्हणाल्या, "मिस्त्री, दार राहू द्या. आमचे हे रविवारी करणार आहेत. घरात पुरुषमाणूस नाही, तुम्ही आता या."

"एवढं शुद्ध बोलली रे माझ्याशी," ते फोनवर म्हणाले. "पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा."

काकींना घर सापडलं होतं. पण त्या घरातला नवरा तिशीतला, काळ्याभोर केसांचा, जाड मिशांचा. तो सकाळी कामावर गेलेला. समोर उभा असलेला पांढऱ्या केसांचा म्हातारा म्हणजे दाराच्या कामाला आलेला कुणी सुतार. मिस्त्रींनी समजावून पाहिलं. तेव्हा त्या इतक्या घाबरल्या की यांनाच दया आली आणि ते चपला घालून बाहेर पडले. कारखान्यात जाववेना, लांब राहिलं तर चैन पडेना. काकींजवळ दिवसाची बाई होती, पण ती कितीशी लक्ष देणार? मग ते लिफ्टपाशी स्टूल टाकून बसायला लागले. रोज दुपारी, स्वतःच्या दाराबाहेर. येणारे-जाणारे विचारायचे, काय मिस्त्री, चावी विसरलात काय? हे हो म्हणायचे.

सहाला, पूर्वी कामावरून यायचे त्या वेळी, ते बेल वाजवायचे. कधी काकी ओळखायच्या, कधी "कोण पाहिजे?" म्हणून दार लावून घ्यायच्या. मग आत जायला त्यांना झोप लागेपर्यंत थांबावं लागायचं.

एक दिवस ते माझ्या सेटवर आले. लग्नानंतरचा एक फोटो पुढे केला. "तुझ्याकडे मिशा लावणारा माणूस आहे ना?"

आमच्या मेकअपवाल्याने केस काळे केले, फोटोत बघून मिशी लावली. माझ्या एका नटाचा अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट त्यांना घातला. आणि मी हसलो. खोटं कशाला सांगू, खो खो हसलो. काळ्या केसांखाली तो सुरकुतलेला चेहरा फार विचित्र दिसत होता. मिस्त्री आरशात बघत राहिले. लाकडावरची एक चुकीची झीज ज्यांना दोन हातांवरून दिसायची, त्यांना हे दिसत नसेल काय? पण त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "चालेल ना रे?" त्या प्रश्नात इतकी भीती होती की माझं हसू तिथेच मेलं. चालेल, मी म्हणालो.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर गेलो आणि जिन्याच्या दाराआड उभा राहिलो. सहा वाजले. बेल वाजली.

"इलात? हात-पाय धुवा, चाय ठेवतंय."

दार बंद झालं.

पुढचे दोन महिने रोज हेच. दुपारभर स्टुलावर, मग पावणेसहाला खिशातला लहान आरसा काढून मिशी चिकटवायची. गोंदाने ओठ सुजला, सोलला, पिकला. डॉक्टरांनी बंद करा म्हणून सांगितलं. मी हातापाया पडलो. "एवढी एक वेळ आत घेते रे ती," ते म्हणाले. "ती कशी सोडू?" काम बंदच पडलं होतं. जेवण निम्म्यावर आलं होतं. खोकला धरला, तो छातीत उतरला. शेवटी हॉस्पिटलात नेलं आणि तिसऱ्या दिवशी सगळं आटोपलं. मुलगी सांगत होती, ते सारखं वेळ विचारायचे. सहा वाजले का?

मुलगी आता वसईचं घर बंद करून आईकडे राहायला आली आहे. फडताळ इथे आहे म्हटल्यावर आईला हलवणार कुठे? तिने आईला दोनदा सांगून पाहिलं, बाबा गेले. दोन्ही वेळा काकींनी हळहळून विचारलं, "कुणाचे हो?" मग तिने सांगणं सोडून दिलं.

महिन्याभराने मी भेटायला गेलो. मला वाटलं होतं, काकी वाट बघून खंगल्या असतील. तसं काही नव्हतं. "बसा, हे येतीलच आता," त्या म्हणाल्या. "काल जरा उशीर झाला त्यांना." त्यांच्या घरी नवरा रोज सहाला येत होता. मी अर्धा तास बसलो, हवापाण्याचं बोललो आणि उठलो. काकी दारापर्यंत पोचवायला आल्या. एकदा मागे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या,

"ते वयस्कर मिस्त्री, तुमच्या ओळखीचे होते ना?"

"हो."

"बऱ्याच दिवसांत आले नाहीत."

"गावी गेलेत," मी म्हणालो.

"इथे लिफ्टपाशी बसलेले असायचे दुपारभर. मी दाराच्या भोकातून बघायचे. मान खाली घालून बसायचे नुसते. त्यांना घर नसावं हो. मी एकटी बाई, आत कसं बोलावणार? पण एवढे दिवस बसले बिचारे, एकदा चहा तरी विचारायला हवा होता मी. आता रोज बघते, तर नसतातच. ह्यांना उशीर झाला तर मला इतकं काही वाटत नाही. त्यांचंच वाटत राहतं."

लिफ्ट आली. मी आत शिरलो आणि खाली पोचेपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.